खांद्यावरचा हात

“भूत! दुसरं काय असणार? भूतच!” खुळखुळा बाकावर चढून ओरडला.

“आधी खाली उतर! आणि केसांतलं पाणी फोटोवर पाडू नकोस!” वकील कडाडली.

तलावामागच्या व्हरांड्यात, ओले टॉवेल टाकायच्या चाकांच्या गाड्याशेजारी, चार डोकी एकत्र आली होती. मधोमध होता पोहण्याच्या शिबिराचा ग्रुप फोटो. शनिवारी शिबिराचा समारोप. त्या दिवशी हाच फोटो मोठ्या फ्रेममध्ये दारासमोर लागणार होता आणि प्रत्येकाला एकेक प्रत मिळणार होती. पण ही प्रत आधीच बाहेर आली होती. फोटो स्टुडिओ मौनीच्या मामाचा. रंग फिके आले म्हणून त्याने बाजूला टाकलेली ही प्रत मौनीने त्याला विचारून आणली होती.

तिचं नाव मौनी पडलं याच शिबिरात. आई नोकरीच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात, बाबा कायम जहाजावर, म्हणून तिची रवानगी मामाकडे झालेली. आल्यापासून ती कुणाशी फारसं बोललीच नव्हती. काय बोलायचं हे ठरेपर्यंत बाकीचे पुढे निघून जायचे! खुळखुळ्याचं तोंड मात्र पाण्याखालीसुद्धा बंद होत नसे. वकिलीणबाईंना कुणी ‘आज ऊन आहे’ म्हटलं, तरी त्या ‘कशावरून?’ विचारणार. आणि शेपूट म्हणजे खुळखुळ्याची धाकटी बहीण. ती कुठेही मागे यायचीच, म्हणून शेपूट. या तिघांनी आज पहिल्यांदाच मौनीला मध्ये बसवून घेतलं होतं. तेही फोटोमुळे, हे तिला ठाऊक होतं. तरी बरं वाटत होतं.

“हे बघा,” मौनीने बोट ठेवलं. “ही मी.”

पायऱ्यांवर सगळे ओळीने उभे होते. अगदी कडेला, शेवटच्या ओळीत, चौकड्यांच्या शर्टात मौनी. तिच्या मागे नुसती भिंत. आणि तिच्या उजव्या खांद्यावर एक हात!

चार बोटं आणि थोडासा पंजा. त्याच्यामागे ना मनगट, ना माणूस!

“तू स्वतःच तर ठेवला नाहीस?” वकिलीने उलटतपासणी सुरू केली.

“माझे दोन्ही हात खाली दिसतायत.”

“मग कुणीतरी खरंच ठेवला होता? तुला जाणवला?”

मौनीने मान डोलावली. कसा नाही जाणवणार! मामा कॅमेऱ्यामागून ‘कुणी हलायचं नाही!’ ओरडत होता, तेवढ्यात मागून तो हात आला. उबदार, किंचित ओलसर. या गावात आल्यापासून तिच्या खांद्यावर कुणी हात ठेवला नव्हता. मामा प्रेमळ होता, पण त्याचे दोन्ही हात नेहमी कॅमेऱ्यात अडकलेले. वळून पाहिलं तर हात निघून जाईल या भीतीने ती तशीच उभी राहिली होती. फोटो झाला, सगळे सरबताकडे धावले, आणि ती वळली तेव्हा मागे कुणीच नव्हतं. हे सगळं मात्र तिने या तिघांना सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, “हो. जाणवला.”

“म्हणजे भूत नाही,” खुळखुळा जरा हिरमुसला. “मग मालक गेला कुठे?”

मौनीने खिशातून मामाचं भिंग काढलं. भिंगाखाली हात मोठा झाला, तशी सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

“बोटं बघा! सुरकुत्याच सुरकुत्या! म्हातारबाबा आहेत कुणीतरी!”

“कशावरून? बोटांची टोकंच तेवढी सुरकुतलीत. वरची कातडी बघ, गुळगुळीत आहे,” वकील म्हणाली.

“माझी पण बोटं अशीच आहेत!” शेपटाने आपले पंजे सगळ्यांच्या नाकासमोर नाचवले. “मी पण म्हातारी झाले!”

ती नुकतीच पाण्यातून बाहेर आली होती. सगळे तिच्या बोटांकडे बघतच राहिले.

“शेपटा, तू हुशार आहेस!” वकील उडालीच. “हा हात खूप वेळ पाण्यात होता!”

“पण फोटोच्या दिवशी तलाव बंद होता,” मौनी म्हणाली. “सगळे कोरडे होते. लाइफगार्डदादासुद्धा.”

मग पाण्यात कोण होतं?

तेवढ्यात मागून आवाज आला, “व्हरांड्यात घोळका करायचा नाही! नियम आहे!”

हे तलावाचे मॅनेजर. पोरं त्यांना नियमकाका म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. गळ्यात चकचकीत शिट्टी आणि तोंडात कायम एखादा नियम.

“काका, या फोटोत ना...” खुळखुळ्याने सुरुवात केली.

“हात-बित काही नाही! छपाईची चूक आहे!” नियमकाका गडबडीने म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “जा, पळा! म्हणजे, पळू नका, चालत जा!”

ते गेल्यावर वकील सावकाश म्हणाली, “आपण त्यांना अजून हाताबद्दल सांगितलंच नव्हतं.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. निदान तिघांनी तरी. चौथी कुठे होती?

“शेपूट?” खुळखुळ्याने इकडेतिकडे बघितलं. “ए शेपटा!”

तिकडे लाइफगार्डदादा टॉवेलचा गाडा ढकलत मागच्या बोळात निघाला होता. ‘इतरांना प्रवेश नाही’ अशी पाटी असलेलं दार त्याने पायाने उघडलं. दार बंद होता होता ओल्या टॉवेलांच्या ढिगातून एक छोटा पंजा वर आला आणि त्याने मजेत टाटा केला!

“मेलो! आई मला सोलून काढेल!” खुळखुळा धावत सुटला. नियम गेला खड्ड्यात!

दादा गाडा आत सोडून दुसऱ्या दाराने निघून गेला होता. तिघं दार ढकलून आत शिरले आणि तिथेच थबकले. आत वाफ भरली होती. भिंतीशी मोठाले हौद, एका बाजूला घरघरणारं यंत्र, आणि डोक्यावर दोऱ्याच दोऱ्या, त्यांवर टॉवेल. रोज खिडकीतून मिळणारे स्वच्छ, घडी केलेले टॉवेल कुठून येतात, हा प्रश्न आजवर कुणालाच पडला नव्हता. मौनीलाही नाही.

“अगं बाई! हा टॉवेल तर हसतोय!”

रबरी बूट आणि ओला ॲप्रन घातलेल्या एक बाई गाड्यात वाकून बघत होत्या. त्यांनी शेपटाला काखेत धरून बाहेर काढलं आणि जमिनीवर उभं केलं. मौनीचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. हौदात बुडून बुडून बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली.

बाईंनीही तिला ओळखलं. “तू! चौकड्यांच्या शर्टातली ना? त्या दिवशी किती थरथरत होतीस वाऱ्यात!”

मौनीने विचारलं, “तुम्ही... हात का ठेवलात?”

बाई जरा लाजल्या. “दादाने हाक मारली, ‘मावशी, चला, सगळ्यांचा फोटो आहे.’ मला कधी कुणी बोलवत नाही गं फोटोला. धावत आले. बघते तर तू कडेला एकटी. बाकीची पोरं एकमेकांना खेटून उभी. मी पण कडेलाच. म्हटलं, कडेच्या माणसांनी तरी एकमेकांना धरून राहावं.”

यंत्र घरघरत राहिलं. मौनीचा हात आपोआप आपल्या खांद्यावर गेला.

“ते काय आहे?” शेपटाने भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याला एक फ्रेम टांगलेली होती. नवीकोरी आणि रिकामी.

“ती ना? शनिवारी प्रत मिळाली की त्यात लावणार,” मावशींचा चेहरा फुलला. “माझी लेक लांब शिकायला आहे. तिला वाटतं, आई दिवसभर त्या वाफेत एकटीच असते, तिला कुणी विचारतसुद्धा नसेल. मी तिला फोनवर सांगून टाकलंय, अगं, सगळ्यांबरोबर फोटो काढलाय माझा! ती म्हणाली, कधी पाठवतेस?” मग त्यांनी उत्सुकतेने विचारलं, “तुम्ही बघितलात का रे? कसा आलाय?”

वकिलीने फोटो हळूच पाठीमागे लपवला. खुळखुळा, ज्याचं तोंड पाण्याखालीही बंद होत नसे, तो बुटांच्या लेसकडे बघत बसला.

“अजून तयार व्हायचाय, मावशी,” मौनी म्हणाली.

चौघं बाहेर आली. शनिवारी सगळ्यांसमोर फ्रेमवरचं कापड सरकणार आणि मावशी स्वतःला शोधणार. सापडणार काय, तर आपलीच चार बोटं!

“मामाला विचारते,” मौनी म्हणाली.

“विचारते नाही, विचारूया,” वकील म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मामाचा स्टुडिओ म्हणजे पुढे काउंटर, मागे पडदा आणि दोन दिवे, आणि कोपऱ्यात संगणक. मामा दिवसभर बाहेरचं काम करून नुकताच आला होता. मौनीने फोटो आणि भिंग दोन्ही त्याच्यासमोर ठेवलं.

“अरेच्चा! सापडला तुम्हाला?” मामा हसला. “मॅनेजर म्हणाले, ती ओल्या ॲप्रनमधली बाई मध्येच आली, रांग बिघडते, काढा. काढली. पण हात काढायचा तर त्याखालच्या शर्टाच्या चौकड्या नव्याने जुळवाव्या लागल्या असत्या. चौकड्यांइतकं कटकटीचं काम नाही! बाहेरचं काम खोळंबलं होतं. म्हटलं, राहू दे, कोण बघतंय!”

“मी बघितलं,” मौनी म्हणाली.

“मामा, तुम्ही लोकांना असं नेहमी गायब करता?” खुळखुळ्याने डोळे वटारले.

“अरे, धंदाच आहे माझा! पुटकुळ्या काढतो, मागच्या तारा काढतो, कुणाचे डोळे मिटले तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवतो. लोक खूश होतात.”

“पुटकुळी काढताना तुम्ही विचारता?” वकिलीने कमरेवर हात ठेवले.

“विचारायचं काय? ज्याची पुटकुळी तोच सांगतो, काढा म्हणून.”

“आणि मावशींना विचारलंत?”

मामा भिंगाची काच पुसू लागला.

“मामा, मूळ फोटो आहे ना?” मौनीने विचारलं.

“मूळ?” मामा डोकं खाजवू लागला. “मी त्याच्यावरच काम करतो गं. वेगळ्या प्रती ठेवत बसलं तर संगणक भरून जातो. कॅमेऱ्यातलंही पुसलं मी.” चौघांचे चेहरे पडलेले बघून तो घाईघाईने म्हणाला, “अरे, एवढं काय त्यात! उद्या त्या बाईंना इथे घेऊन या. पडद्यासमोर फोटो काढतो आणि बसवून देतो त्याच जागी. हात तर आहेच जागेवर! कुणाच्या बापाला कळणार नाही!”

“खरंच?” खुळखुळा आनंदाने ओरडला. “सुटला की प्रश्न!”

“असे किती फोटो जोडलेत मी. कुणी ओळखून दाखवावं!” मामाला चेव चढला. “एकच खूण असते, तीही जाणकारालाच दिसते. हे बघा.” त्याने भिंग फोटोतल्या खांद्यावर धरलं. “खरा हात कापड दाबतो. बघा, बोटांखाली चौकड्या वाकड्या झाल्यात. जोडलेला हात नुसता वर बसतो. खालचं कापड आपलं तसंच, सपाट.”

सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. खरंच, बोटांखाली चौकड्या वाकल्या होत्या. मौनीच्या मनात एकदम काहीतरी टोचलं. का, ते तिला लगेच कळलं नाही.

मित्रमंडळी घरी गेली तेव्हा उन्हं उतरली होती. मौनी आतल्या खोलीत गेली आणि तिने आपल्या पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक फोटो काढला. हा फोटो ती कुठेही गेली तरी बरोबर असायचा. वाढदिवसाचा. टिपक्यांचा फ्रॉक घातलेली छोटी मौनी आणि मागे उभे बाबा, तिच्या खांद्यावर हात ठेवून. बाबांबरोबरचा तिचा हा एकच फोटो होता. त्यांची आठवण आली की ती तो काढायची आणि डोळे मिटायची. मग खांद्यावर हात आहे असं वाटायचं.

तिने भिंग धरलं.

बाबांच्या बोटांखाली टिपके गोल होते. एकही चेपला नव्हता. कापडाला साधी चुणीसुद्धा नव्हती.

तिने भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. मग खिडकीशी जाऊन पाहिलं. टिपके गोलच राहिले. तिला रडू आलं नाही. फक्त खोली फार मोठी झाल्यासारखी वाटली आणि आपण त्या खोलीत फार लहान.

ती बाहेर आली. मामा दिवे बंद करत होता.

“मामा, हा तू केलास?”

मामाने फोटोकडे पाहिलं. मग भिंगाकडे. तो हळूच स्टुलावर बसला.

“बाबांचं जहाज बंदराला लागायला उशीर झाला होता गं,” तो म्हणाला. “तू हट्ट धरून बसलीस, बाबा येऊ देत, मग फोटो. तुझी आई रडायच्या बेतात. शेवटी तुझा एकटीचा काढला आणि बाबा नंतर जोडले. तुला दाखवला तेव्हा इतकी हसलीस, की कुणाला सांगायचा धीरच झाला नाही.”

“मला आठवतं असं वाटायचं, मामा,” मौनी म्हणाली. “बाबांचा हात. मला वाटायचं, मला तो आठवतो.”

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“चुकलं माझं,” मामा म्हणाला. “तुझ्या आनंदासाठी केलं, पण सांगायला हवं होतं. मोठी झालीस तेव्हा तरी.”

मौनीने फोटो काउंटरवर ठेवला. तिला मामाचा राग आला होता आणि त्याची दयाही येत होती. दोन्ही एकदम येतं तेव्हा फार जड जातं.

“मावशींना जोडायचं नाही,” ती म्हणाली. “त्यांची मुलगी तो फोटो सांभाळून ठेवेल. आणि एक दिवस तीही भिंग लावेल.”

“मग दुसरा उपाय एकच. फोटो नव्याने काढायचा. सगळ्यांना उभं करून.” मामाने सुस्कारा सोडला. “तुमचे मॅनेजर ऐकतील?”

मौनीने थोडा विचार केला. आणि या सुट्टीत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर खोडकर हसू आलं.

“मामा, एक काम करशील? पण हे काम झालं की लगेच सांगून टाकायचं. लपवायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नियमकाका फ्रेम घ्यायला स्टुडिओत आले तेव्हा चौघं ओळीने बाकावर बसली होती, फारच शहाण्यासारखी. मामाने कागदात गुंडाळलेली फ्रेम काउंटरवर ठेवली. नियमकाकांनी कागद सोडला, आणि त्यांचे डोळे बाहेर यायचेच बाकी राहिले.

फोटोत सगळे होते. मधोमध मात्र रिकामी जागा, आणि त्या जागेत हवेत तरंगणारी एक चकचकीत शिट्टी!

“मी कुठाय?” नियमकाका किंचाळले. “अहो, मी मध्ये उभा होतो! नवा कोट घातला होता मी!”

“रांग बिघडत होती, काका!” खुळखुळा गंभीरपणे म्हणाला.

“शिट्टी ठेवलीय ना पण,” शेपटाने समजूत घातली.

“मला न विचारता? मी तिथे होतो! सगळ्यांनी पाहिलंय! असं कसं काढून टाकता माणसाला?”

“हाच प्रश्न आम्हाला पडलाय,” वकील गोड आवाजात म्हणाली.

नियमकाकांचे कान पुन्हा लाल झाले. मामाने फ्रेममधून प्रत काढली आणि त्यांच्यासमोर टरकन फाडली.

“साहेब, हा नुसता खेळ होता, आणि खेळ आहे हे लगेच सांगतोय. खरा म्हणून कुठे लावला असता तर तो अपराध झाला असता. परवा आपण दोघांनी मिळून केला ना, तसा.”

“पण ती बाई ओल्या ॲप्रनमध्ये... फोटो चांगला दिसावा एवढंच माझ्या मनात...”

“काका,” मौनी उठून उभी राहिली. या वेळी काय बोलायचं हे तिचं आधीच ठरलं होतं. “त्यांच्या खोलीत भिंतीवर फ्रेम आहे. रिकामी. त्यांनी मुलीला सांगून ठेवलंय की माझा फोटो आलाय सगळ्यांबरोबर. त्या मुलीला वाटतं, आईला इथे कुणी विचारत नाही. शनिवारी त्या सगळ्यांसमोर स्वतःला शोधतील. तुम्ही आत्ता कसं शोधलंत, तसं.”

फाटलेल्या कागदातला शिट्टीचा तुकडा नियमकाकांनी उचलला आणि बोटांत फिरवत राहिले.

“मी त्यांच्याशी कधी दोन शब्द बोललेलो नाही,” ते हळूच म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला. “समारोपाच्या दिवशी तलावाच्या पायऱ्यांवर गर्दी करायला परवानगी नाही, असा नियम आहे. पण नियम मीच केलाय. बदलतो! त्या दिवशी फोटो पुन्हा काढू!”

खुळखुळ्याने एवढ्या जोरात आरोळी ठोकली की मामाचा एक दिवा हलला.

एक काम उरलं होतं, आणि ते मौनीला कुणावर ढकलायचं नव्हतं. दुपारी ती मामाचा हात धरून वाफेच्या खोलीत गेली आणि तिने मावशींना सगळं खरं सांगून टाकलं. मामाने माफी मागितली. मावशी हातातला टॉवेल पिळत राहिल्या. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

“लेकीला काय सांगू मग?” त्यांनी विचारलं. कुणाकडेच न बघता.

“शनिवारी पाठवते म्हणून सांगा,” मौनी म्हणाली. “खरा काढायचाय.”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. “बरं झालं सांगितलंस. मला वाटलं असतं, मी उभीच नव्हते की काय तिथे.”

शनिवारी पायऱ्या माणसांनी फुलून गेल्या. मुलं, त्यांचे आईवडील, शिट्ट्या, गोंधळ! नियमकाका स्वतः बोळाच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि ‘इतरांना प्रवेश नाही’ या पाटीखालून त्यांनी हाक मारली, “मावशी, चला! तुमच्यावाचून अडलंय!”

मावशी ॲप्रनमध्येच आल्या. “ॲप्रन असू दे की काढता?” मामाने विचारलं. “तुम्ही म्हणाल तसं.”

“काढते,” त्या म्हणाल्या. “लेकीला वाटेल, आई फोटोतही कामालाच जुंपलीय!” सगळे हसले. मावशींनी केस सारखे केले.

“अहो, माझ्या टकलावरची चकाकी तेवढी कमी करणार ना?” नियमकाकांनी मामाच्या कानाशी येऊन विचारलं.

“तुमचं टक्कल, तुमची मर्जी!” मामा म्हणाला.

“मधोमध या, मावशी!” वकिलीने जागा केली. पण मावशी थेट कडेला गेल्या, मौनीच्या मागच्या पायरीवर. ते बघून वकील तिथून निघाली आणि मौनीच्या शेजारी येऊन चिकटली. मग खुळखुळा, मग शेपूट. बघता बघता सगळी गर्दी तिकडे सरकली आणि रांग पार बिघडून गेली! नियमकाकांनी एकदा शिट्टीला हात घातला, पण वाजवली नाही.

“कुणी हलायचं नाही!” मामा ओरडला.

आणि हात आला. उबदार, किंचित ओलसर.

फोटोनंतर लाइफगार्डदादाने सगळ्यांसमोर चौघांचं कौतुक केलं. नियमकाका म्हणाले, “या मुलांनी मला एक नियम शिकवला. माणसाला काढायचं असेल, तर आधी त्यालाच विचारायचं!” टाळ्यांचा कडकडाट झाला. शेपटाने वाकून वाकून त्या एकटीनेच स्वीकारल्या.

संध्याकाळी मामाने मौनीला संगणकापाशी बोलावलं. मूळ फोटो त्याने आधीच वेगळा ठेवून दिला होता. “बघ. सगळे मस्त आलेत. फक्त तुझे डोळे मिटलेत. दुसऱ्या फोटोत उघडे आहेत, ते आणून बसवू का? विचारतोय हं!”

मौनीने पडद्यावर पाहिलं. खरंच, सगळ्या गर्दीत तिचे एकटीचे डोळे मिटलेले. खांद्यावर हात, आणि बोटांखाली शर्टाच्या चौकड्या वाकड्यातिकड्या झालेल्या.

“राहू दे, मामा,” ती म्हणाली.

मग तिने तो फोटो बाबांना पाठवला. जहाजाला संपर्क मिळेल तेव्हा तो पोचणार होता. खाली काय लिहायचं हे ठरवायला तिला नेहमीसारखाच वेळ लागला, पण आज कुणी पुढे निघून गेलं नाही. मामा शेजारी बसून राहिला.

तिने लिहिलं: ‘बाबा, मागे उभ्या आहेत त्या टॉवेलवाल्या मावशी. हा हात खरा आहे. वाढदिवसाच्या फोटोचं मला कळलंय. मी रागावले नाही, थोडीशीच रागावले. तू आलास की आपण आपला एक काढू. माझे डोळे मिटलेले आले तरी चालतील.’